गेस्टला गावभर वाट, यजमानाचाच उंबरठा बंद! (व्हीएम आणि होस्टमधले निरोप)

दुपारचा_चहा | सोम, रात्री १०:५२

मंडळी, दोन दिवस डोकं आपटून झालं, आता धागा काढतोय.

हापिसात एक दणकट मशीन आहे. ६४ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, आभासी मशीन चालवायला केव्हीएम, सांभाळायला लिबव्हर्ट. त्यावर ६ व्हीएम (आभासी मशीन; यांनाच गेस्ट म्हणतात, आणि त्यांना पोटात घेणाऱ्या खऱ्या मशीनला होस्ट), प्रत्येकीत आमच्या सॉफ्टवेअरची चाचणी चालते. चाचणी संपली की व्हीएमने होस्टवरच्या माझ्या पायथन स्क्रिप्टला कळवायचं, "झाली, पास झाली, लॉग अमुक ठिकाणी". होस्टने उलट सांगायचं, "ही घे पुढची". बस. निरोप फार तर दोनशे बाइटचा.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये नेटवर्कसाठी मॅकव्हीटॅप (व्हीएमला थेट होस्टच्या नेटवर्क कार्डावर बसवणारा प्रकार) निवडलं, कारण सगळ्यांना हापिसच्या राउटरकडूनच आयपी मिळायला हवा होता. मिळाला. व्हीएममधून प्रिंटर पिंग होतो, शेजारच्या टेबलावरचा संगणक होतो, इंटरनेट चालतं. पिंग होत नाही तो फक्त होस्ट, ज्याच्या पोटात ती बसलीय! होस्टवरूनही व्हीएम दिसत नाही. माझ्या लॅपटॉपवरून मात्र दोघंही दिसतात.

फायरवॉल बंद करून पाहिली. आयपी बदलून पाहिले. शेवटी लाज सोडून एक जुगाड केला: व्हीएम निरोप माझ्या लॅपटॉपला देते, लॅपटॉप तो होस्टला पोचवतो. काल लॅपटॉप घरी घेऊन गेलो आणि रात्रभर सहाही व्हीएम पुढच्या कामाची वाट बघत बसल्या.

ठोकळा | मंगळ, सकाळी ७:१५

आधी फायरवॉल चालू करा. तिचा काही दोष नाही.

मॅकव्हीटॅप असंच वागतं. व्हीएमने सोडलेली फ्रेम (नेटवर्कवरचं एक पाकीट) होस्टच्या आयपी स्टॅककडे, म्हणजे त्याच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाकडे, जातच नाही, नेटवर्क कार्डातून थेट वायरीवर पडते. पलीकडे स्विच. तो बघतो की ही फ्रेम जिकडे जायचीय ते मशीन, ती ज्या पोर्टातून आली त्याच पोर्टामागे आहे. आणि आल्या पोर्टातून फ्रेम परत पाठवायची नाही हा स्विचचा जन्मजात नियम. फ्रेम तिथेच गळते. माजघरातून ओसरीवर यायला अंगणातून वळसा, आणि अंगणाचं दार फक्त बाहेर उघडतं. फ्रेम परत फिरवणारे स्विच असतात, पण हापिसातल्या कपाटावर धूळ खात पडलेल्या आठ पोर्टांच्या डब्याकडून ती अपेक्षा नको.

लॅपटॉप दोघांना दिसतो कारण तो स्विचच्या दुसऱ्या पोर्टावर आहे. एवढंच गौडबंगाल.

सोपा उपाय: मॅकव्हीटॅप राहू द्या, प्रत्येक व्हीएमला दुसरं आभासी नेटवर्क कार्ड द्या आणि ते लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कला जोडा. तिथे होस्ट १९२.१६८.१२२.१ वर बसलेला असतो. निरोप त्या पत्त्यावर. किंवा होस्टवर त्याच कार्डावर एक मॅकव्हीलॅन इंटरफेस (आभासी कार्ड) बनवा आणि होस्टचा आयपी त्यावर हलवा, म्हणजे होस्टही व्हीएमच्या पंगतीत बसतो. किंवा मॅकव्हीटॅप सोडून सरळ ब्रिज (होस्टच्या आतला आभासी स्विच) बांधा. शेवटचे दोन प्रकार एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) करू नका. मी एकदा केले होते. आयपी हलवला, कनेक्शन तुटलं, आणि रात्री साडेअकराला भर पावसात स्कूटर काढावी लागली.

नवशिका_९ | मंगळ, सकाळी ९:०४

१०.०.२.२ चालत नाही का? माझ्याकडे व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्टमधून १०.०.२.२ टाकलं की होस्ट मिळतो. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्येही तेच टाकतो.

ठोकळा | मंगळ, सकाळी ९:३०

ती वेगळी सोय. तुमच्याकडे नॅट मोड आहे, म्हणजे गेस्ट होस्टच्या आयपीआड लपतो. तिथे गेस्टला १०.०.२.१५ मिळतो आणि १०.०.२.२ हा नाटकातला पत्ता असतो. तिकडे पाठवलेलं सगळं व्हर्च्युअलबॉक्स स्वतः उचलून होस्टला देतं. क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर मोडमध्येही हेच आकडे. पण वाट एका बाजूची: होस्टवरून गेस्टकडे जायचं तर एकेक पोर्ट फॉरवर्ड करत बसा. धागाकर्त्यांना दोन्ही बाजू हव्यात, आणि त्यांच्याकडे नॅट नाहीच.

तिरपागडा | मंगळ, सकाळी १०:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

भिंगरी | मंगळ, दुपारी १:४०

ठोकळा यांचं निदान अगदी बरोबर. पण दोनशे बाइटच्या निरोपाला नेटवर्क हवंच कशाला? शेजारच्या खोलीत हाक मारायला पोस्टाचं तिकीट लावायचं का?

व्हीसॉक वापरा. सॉकेटचीच (दोन प्रोग्रॅमांनी बोलायच्या खिडकीची) एक जात आहे. टीसीपीसारखंच लिसन, कनेक्ट, सेंड. पत्त्यात आयपीऐवजी सीआयडी नावाचा एक आकडा आणि पुढे पोर्ट, एवढाच फरक. होस्टचा सीआयडी कायम २. १ म्हणजे स्वतःशीच बोलणं, ० हायपरव्हायझरसाठी (व्हीएम चालवणाऱ्या थरासाठी) राखून ठेवलेला, व्हीएमना ३ पासून पुढचे. व्हीएमची सगळी नेटवर्क कार्डं उपटून टाकलीत तरी हे चालतं.

आत काय होतं ते एकदा बघून घ्या, पुढे उपयोगी पडेल. गेस्टच्या मेमरीत तीन रांगा असतात: एक जाणाऱ्या निरोपांची, एक येणाऱ्यांची, एक घटना कळवण्याची. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर ४४ बाइटांचा मथळा: कोणाकडून, कोणाला, कोणत्या पोर्टावर, किती लांब, आणि "माझ्याकडे अजून एवढी जागा शिल्लक आहे" हा हिशेब. गेस्ट निरोप रांगेत ठेवतो आणि एका ठरलेल्या जागी लिहून टकटक करतो. सीपीयू क्षणभर गेस्टमधून बाहेर येतो, होस्टच्या कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) व्हीहोस्टचा, म्हणजे व्हीएमचं टपाल हाताळणाऱ्या भागाचा, थ्रेड जागा होतो आणि निरोप उचलतो. उलट दिशेने होस्ट गेस्टला इंटरप्ट देतो. समोरच्याची जागा भरली की पाठवणारा थांबतो, निरोप सांडत नाही. यात ना आयपी, ना एआरपी, ना राउटिंग टेबल.

व्हीसॉक मूळचं व्हीएमवेअर कंपनीचं. लिनक्स कर्नलमध्ये २०१३ साली ३.९ मध्ये आलं, केव्हीएमसाठीची व्हर्टआयओ (आभासी उपकरणांची ठरलेली पद्धत) वाहतूक २०१६ मध्ये ४.८ बरोबर. म्हणून गेस्टमधल्या मॉड्यूलचं नाव आजही व्हीएमडब्ल्यूने सुरू होतं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, आडनाव माहेरचंच.

व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (तिची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) डिव्हाइसेसखाली व्हीसॉक घाला, मॉडेल व्हर्टआयओ, सीआयडी ऑटो. पायथनमध्ये ३.७ पासून हा सॉकेट आयता आहे.

तिरपागडा | मंगळ, दुपारी ३:२२

आता नीट लिहितो. नवं खेळणं दिसलं की सगळे धावतात. ठोकळा यांचा पहिला उपाय दहा मिनिटांचा आहे. टीसीपी असलं की कर्ल चालतं (हाताने तपासायला), टीसीपीडंप चालतं (ये-जा पाहायला), उद्या होस्ट दुसऱ्या मशीनवर हलवला तरी फक्त आयपी बदलायचा. व्हीसॉकमध्ये होस्ट म्हणजे ज्याच्या डोक्यावर बसलात तोच. निरोप घेणारी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर गेली की सगळं पुन्हा लिहा.

भिंगरी | मंगळ, दुपारी ३:५०

शेवटचा मुद्दा मान्य, तो खरा तोटा आहे. पाहायला व्हीसॉकमॉन नावाचं इंटरफेस मिळतं, त्यावर टीसीपीडंप लावता येतं, पण टीसीपीची सवय झालेल्याला ते अपुरं वाटेल हेही मान्य.

पण तुमच्या त्या दुसऱ्या नेटवर्कात सहाही व्हीएम एकमेकींना दिसतात. एकीतली बिघडलेली चाचणी दुसरीच्या पोर्टावर जाऊन आदळू शकते. व्हीसॉकमध्ये गेस्टची वाट होस्टपाशी संपते.

दुपारचा_चहा | गुरु, रात्री ११:३५

केलं. चार ठिकाणी ठेच लागली. क्रमाने सांगतो, पुढच्याला कामी येईल.

पहिली: भिंगरीताईंनी ऑटो सांगितलं होतं, मी शहाणपणा करून सीआयडी ३ लिहिला आणि तेच एक्सएमएल नाव-यूयूआयडी बदलून सहा वेळा डकवलं. पहिली व्हीएम उठली, दुसरी म्हणते पत्ता आधीच वापरात आहे. अर्थात. ऑटो केलं, सहाही उठल्या.

दुसरी: दोन व्हीएम मुद्दाम उबुंटू १८.०४ वर ठेवल्यात, जुने ग्राहक आहेत. तिथे पायथन ३.६, म्हणजे व्हीसॉक नाही. सोकॅटने (एका सॉकेटमधलं दुसरीकडे पोचवणारं टूल) भागवू म्हटलं, तर तिथलं सोकॅटही इतकं जुनं की त्याला व्हीसॉक माहीतच नाही. कर्नल मात्र ४.१५, त्याला सगळं येतं. शेवटी सी भाषेत वीस ओळी खरडल्या. कॉलेजनंतर पहिल्यांदा.

तिसरी: होस्टवर स्क्रिप्ट चालू नसताना गेस्टमधून जोडायला गेलो तर "कनेक्शन रिसेट बाय पीअर". टीसीपीत अशा वेळी "रिफ्यूज्ड" येतं, म्हणून मला वाटलं जोडणी होऊन तुटतेय. तासभर होस्टच्या स्क्रिप्टमध्ये बग शोधला. स्क्रिप्ट चालूच नव्हती.

चौथी सर्वात छळणारी. हाताने निरोप पाठवला की सगळं गोड. चाचण्या जोरात सुरू केल्या की होस्टवर जेसन (आमचे निरोप ज्या साच्यात लिहिलेत तो) वाचताना "एक्स्ट्रा डेटा: लाइन १ कॉलम ५८" म्हणून बोंब. छापून पाहिलं तर दोन निरोप एकमेकांना चिकटून आले होते, एकाचा शेवटचा महिरपी कंस आणि लगेच दुसऱ्याचा पहिला. मध्ये साधी फटही नाही.

भिंगरी | शुक्र, सकाळी ८:०५

चौथी ठेच टीसीपीतही लागली असती. स्ट्रीम म्हणजे नळाचं पाणी. तुम्ही दोन तांबे ओतलेत म्हणून पलीकडे दोन तांबेच निघतील असं नाही. एक घोट निघेल किंवा अख्खी बादली. निरोपाची हद्द तुम्हीच आखायची. प्रत्येक निरोपाआधी चार बाइटांत लांबी पाठवा, किंवा एक निरोप एक ओळ ठेवा. जेसनच्या स्ट्रिंगमधला ओळबदल बॅकस्लॅश-एन होऊनच जातो, त्यामुळे ओळीचा मार्ग सुरक्षित आहे. कर्नल ५.१४ पासून व्हीसॉकमध्ये सीक्वपॅकेट आलंय, ते हद्दी स्वतःच पाळतं. पण तुमच्या १८.०४ वाल्या दोघींना ते मिळणार नाही, तेव्हा ओळच बरी.

जुनं खोड | शुक्र, सकाळी १०:४८

तुमचं चालू द्या, म्हाताऱ्याला मध्येच बोलावंसं वाटलं.

हे सगळं आम्ही मेनफ्रेमवर केलेलं आहे. आयबीएमचं व्हीएम/३७० ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झालं, मी त्याच्या पुढच्या पिढ्यांवर काम केलं. तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःची एक व्हीएम. तिला आभासी कार्ड रीडर (भोकं पाडलेली कार्डं वाचणारा), आभासी पंच (भोकं पाडणारा), आभासी प्रिंटर. शेजाऱ्याला फाइल द्यायची तर आपला पंच त्याच्या नावाने लावायचा आणि "पंच" करायचं. खरं एक कार्ड हलत नसे. खालचा कंट्रोल प्रोग्रॅम, ज्याला आम्ही सीपी म्हणायचो, ती गठ्ठी उचलून शेजाऱ्याच्या रीडरच्या रांगेत टाकायचा आणि शेजाऱ्याच्या पडद्यावर सूचना उमटायची. माणसाला चार शब्द सांगायचे तर एमएसजी आज्ञा, प्रोग्रॅमला सांगायचे तर एसएमएसजी.

पुढे आययूसीव्ही आलं, व्हीएमना थेट बोलायची सोय. ते मला आजही देखणं वाटतं. शेजारच्या व्हीएमशी बोला किंवा खुद्द सीपीशी, पद्धत एकच. सीपीच्या सेवांची नावं फुलीने (*) सुरू व्हायची, फुली-एमएसजी, फुली-ब्लॉकआयओ. पत्ता आकड्यात नाही, नावात. आणि कोणी कोणाशी जोडायचं याची परवानगी त्या व्हीएमच्या डिरेक्टरीतल्या नोंदीत लिहिलेली. नोंद नाही तर बोलणं नाही.

लिनक्स मेनफ्रेमवर चालतं तिथे आययूसीव्हीचा सॉकेट अजून मिळतो. तुमच्या व्हीसॉकचा पणजोबा म्हणा.

नवशिका_९ | शुक्र, सकाळी १०:५९

वाखुसा (वाचनखूण साठवली)! काका, या पंच कार्डांवर वेगळा धागा काढा ना.

जुनं खोड | शुक्र, सकाळी ११:२०

डोळ्यांचं ऑपरेशन झालं की काढतो.

काजळी | शुक्र, दुपारी २:१५

काकांच्या त्या "नोंद नाही तर बोलणं नाही" वरून लिहिते. इथे सगळे निरोप पोचवण्याच्याच मागे आहेत, कोणाचा निरोप घ्यायचा हे कोणी विचारत नाहीये.

व्हीसॉक तुमच्या फायरवॉलमधून जात नाही. एनएफटेबल्सचे कितीही नियम लिहा, त्यांना तो दिसतच नाही. स्क्रिप्ट ऐकायला बसली की त्या होस्टवरची व्हीसॉक असलेली प्रत्येक व्हीएम तिच्याशी बोलू शकते, उद्या कोणी सातवी उभी केली तर तीही.

चांगली बाजूही आहे. कनेक्शन आलं की समोरच्याचा सीआयडी कळतो, आणि तो गेस्टला खोटा सांगता येत नाही. मथळ्यात दुसऱ्याचा सीआयडी घातला तर होस्टचं कर्नल तो निरोप फेकून देतं. आयपीपेक्षा ही ओळख पक्की. पण ही ओळख घराची आहे, माणसाची नाही. त्या व्हीएममधली कुठलीही प्रोसेस, साध्या यूजरचीसुद्धा, तुमच्या स्क्रिप्टला जोडू शकते. तेव्हा निरोपात आलेला लॉगचा रस्ता होस्टवर जसाच्या तसा उघडू नका. "लॉग अमुक ठिकाणी" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. दोन टिंबं आणि स्लॅश (म्हणजे "एक फोल्डर वर जा") घालून कोणी तुम्हाला होस्टवरचीच फाइल उघडायला लावेल.

आणि ऑटो सीआयडी असेल तर ४ नंबर आज एकीचा, उद्या दुसरीचा. सीआयडीवरून ओळखायचं असेल तर ते ठरवून द्या, फक्त डकवताना डोळे उघडे ठेवा.

दुपारचा_चहा | शुक्र, दुपारी ४:४०

काजळीताई, गोळा माझ्याही पोटात आला. रस्ता उघडतच होतो. आता निरोपात फक्त चाचणीचा क्रमांक येतो, लॉग कुठे शोधायचा ते होस्ट ठरवतो. सीआयडी ११ ते १६ पक्के केले, यादीबाहेरचा कोणी आला की दार बंद.

एक शेपूट राहिलंय. १४ नंबरची व्हीएम डेटाबेस तयार करते आणि तो झाला की १५ ने सुरू व्हायचं. १४ मधून थेट १५ ला जोडायला गेलो तर जमत नाही. जमायला हवं का?

काजळी | शुक्र, संध्या ६:०५

नाही, आणि तेच बरं. कर्नलमधलं व्हीहोस्ट गेस्टचा निरोप फक्त होस्टलाच देतं. यूजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेर) चालणारं व्हीहोस्ट-डिव्हाइस-व्हीसॉक वापरलं तर व्हीएमचे गट पाडून एका गटातल्यांना आपसात बोलू देता येतं. तुम्हाला त्याची गरज नाही. १४ ने होस्टला सांगावं, होस्टने १५ ला. होस्टने टपाल वाटावं, पण पाकिटावरचा पत्ता बघून डोळे मिटून नव्हे. "१४ कडून १५ ला फक्त 'डेटाबेस तयार' हाच निरोप" अशी एक ओळ तक्त्यात ठेवा, बाकी सगळं नाकारा.

हे टोकाला नेलेलं बघायचं असेल तर क्यूब्स ओएस बघा. झेन नावाच्या हायपरव्हायझरवर चालतं, रोजची कामं वेगवेगळ्या व्हीएममध्ये. एकीकडून दुसरीकडे फाइल पाठवायची तर विनंती आधी डोम-झिरोकडे (सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या मुख्य व्हीएमकडे) जाते. तिथे ओळीओळीने नियम लिहिलेले: कोणती सेवा, कोणाकडून, कोणाला, आणि शेवटी परवानगी, नकार किंवा "मालकाला विचारा". विचारा असेल तर पडद्यावर खिडकी येते आणि कुठल्या व्हीएमला द्यायचं ते तुम्ही स्वतः निवडता. गंमत म्हणजे होकार मिळाल्यावर डोम-झिरो बाजूला होतो, डेटा त्या दोन व्हीएममधल्या सामायिक मेमरीतून थेट जातो. म्हणजे डोम-झिरो नुसता दारावर उभा, ओझं उचलत नाही.

तिरपागडा | शुक्र, संध्या ६:३०

यादी, तक्ता, नियम, वीस ओळी सी... माझी दहा मिनिटं आठवतात का कोणाला? ह. घ्या. (हलके घ्या)

ठोकळा | शुक्र, संध्या ६:४४

तुमच्या दहा मिनिटांतही निरोप चिकटले असते आणि रस्ता उघडा राहिला असता. ह. घ्या.

दुपारचा_चहा | रवि, सकाळी ९:२०

शुक्रवार रात्रीपासून चालू आहे. लॅपटॉप घरी, व्हीएम कामात.

एकच गोष्ट नंतर कळली. एका व्हीएमला जुन्या स्नॅपशॉटवर (आधी साठवलेल्या स्थितीवर) आणलं की तिच्यातलं होस्टशी असलेलं कनेक्शन रिसेट होतं. साहजिकच आहे, तिच्या दृष्टीने अजून मंगळवार होता आणि होस्टकडे ते कनेक्शन कधीच संपलेलं. आतला प्रोग्रॅम तिथेच मरून पडत होता. आता दर ५ सेकंदांनी पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो, आणि जोडल्यावर पहिला निरोप "मी इथपर्यंत आलेय" असा पाठवतो.

सगळ्यांचे आभार. तिरपागडा यांचेही.

नवशिका_९ | रवि, सकाळी ९:४१

दादा, लॅपटॉपवरची ती जुनी निरोप पोचवणारी स्क्रिप्ट काढलीत ना?

दुपारचा_चहा | रवि, सकाळी ९:५८

आत्ता पाहिलं. काढली नव्हती. घरच्या वायफायवर बसून शुक्रवारपासून दर मिनिटाला हापिसच्या होस्टला हाका मारतेय, लॉग ३ जीबी झालाय. काढतो, पोहे खाऊन.